जेवणाच्या बाजूचा कपडा

मामा, नाक्यावर तुझा फ्लेक्स लागलाय. तुझ्या रुपेशच्या लग्नातला फोटो घेतलाय, गॉगल लावलेला, गळ्यात चेन. खाली श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे फोटो, आणि त्यांच्या मधोमध दामूशेठ, ज्याच्या घरच्या हळदीत हे झालं तो. त्याचा फोटो तुझ्यापेक्षा मोठा. वर लिहिलंय, ‘जिवाची बाजी लावून अनेकांचे प्राण वाचवणारे आमचे जनाशेठ’. त्या फ्लेक्सच्या बरोबर खाली वडापावच्या गाडीचा स्टोव्ह पेटलेला असतो. मी आधी तो स्टोव्ह बघितला, मग फ्लेक्सचा खालचा काठ त्याच्यापासून किती लांब आहे ते बघितलं, आणि मग तुझं तोंड बघितलं. असं करून ठेवलंस तू मला.

मी आले की बायका गप्प होतात. कारण मी रडत नाही, मी भांडते. भाची रडली असती तर सगळ्यांना बरं वाटलं असतं, कोणीतरी पाणी आणलं असतं, पाठीवरून हात फिरवला असता. भांडणाऱ्या बाईचं काय करायचं ते कोणाला माहीत नसतं. ‘नशीब गो, त्याचा टाइम भरला होता,’ असं परवा कोणीतरी म्हणालं. मी म्हटलं, टाइम नव्हता भरला, कपडा धुतला होता. त्यावर आईनं मला दंडाला धरून आत नेलं.

तर आता तुझ्याशीच भांडते. तू मध्ये बोलणार नाहीस, हे पहिल्यांदाच होतंय.

तुला माहीत आहे मला कसला राग आहे. दामूशेठचा आहे, त्या हॅलोजनवाल्याचा आहे, पण सगळ्यात जास्त तुझा आहे. मी आपल्या आख्ख्या आळीत पहिली पदवीधर. हे मी सांगणारच, मला सांगायला लाज वाटत नाही. आणि मला पदवीपर्यंत नेणारा तू. बाबा म्हणत होते, बारावी झाली, पुरे झालं, लूमच्या खात्यात हिशेबाला बसेल. तू टेम्पो घेऊन दारात आलास, मागे बांबू आणि कनाती भरलेल्या, आणि बाबांना म्हणालास, “भावजी, पोरीला मी सोडतो कॉलेजात. मना कल्याणला भाडा हायच.” कल्याणला भाडं बिडं काही नव्हतं. ते तू महिनोन्‌महिने रोज नवीन शोधून काढत होतास. मी पुढच्या सीटवर, मांडीवर रसायनशास्त्राचं पुस्तक, आणि मागे बांबू वाजतायत. कॉलेजच्या गेटवर पोरी हसायच्या. तू हॉर्न मारून सगळ्यांना सांगायचास, “बाजूला व्हा, शास्त्रज्ञ उतरतेय.”

निकाल लागला तेव्हा तू आम्हाला सगळ्यांना अकलोलीला नेलंस. कुंडात पाय सोडून बसलो होतो. पाणी एवढं कढत की मामी पाय आत घालायची आणि किंचाळून बाहेर काढायची. तू मला विचारलंस, “शास्त्रज्ञ, खाली चूल कोण पेटवतंय?” मी सांगितलं, जमिनीच्या पोटात खडक तापलेला असतो, पाणी खोल जातं, तापतं, वर येतं. तू ऐकून घेतलंस, मान हलवलीस, आणि शेजारच्या माणसाला म्हणालास, “आमची भाची बोलते ते खरा हाय. पण देवीनं केलंय ते पण खरा हाय.” मी हसले होते. तेव्हाच कळायला हवं होतं मला. माझं बोलणं तुला ऐकायला आवडायचं. गाणं आवडावं तसं. गाणं ऐकून कोणी वागत नाही.

पदवीची फ्रेम तू तुझ्या ओटीवर लावलीस, आमच्या घरी नाही. येईल त्याला दाखवायचास. घरात कोणी शिकलं की आपल्याकडे त्याची दोनच कामं असतात, बँकेचा फॉर्म भरायचा आणि औषधाच्या बाटलीवरचं इंग्रजी वाचायचं. तिसरं काही सांगायला गेलं की, ‘बरं बरं, जेव आता.’

मी प्रोसेस हाउसमध्ये, कापड धुऊन रंगवतात तिथे, लॅबला लागले तेव्हा पहिल्यांदा तुझ्या कामाचं काहीतरी माझ्या हाती आलं. तुझा मंडप सुती. बाकीचे सगळे चकचकीत पॉलिएस्टरवर गेले, तू नाही गेलास. “त्या कपऱ्याखाली माणूस घामानं उकरतो,” असं म्हणायचास. भिवंडीच्या लूमवरून कोरा कपडा घ्यायचा, धुऊन पांढरा करून घ्यायचा, आणि छताला असा ताणायचा की एक सुरकुती दिसू नये. कशेळीपासून दिघाशीपर्यंत लोक म्हणायचे, जनाशेठचं छत म्हणजे दूध. आणि मला ते छत बघितलं की धडकी भरायची. एवढा कोरडा कापूस, आणि त्याला टेकलेले दिवे.

म्हणून मी ती पट्टी आणली. आठवते ना? तुझ्याच ओटीवर, भर दुपारी. दोन पट्ट्या, एकाच ताग्यातल्या. एक साधी, एक लॅबमध्ये फॉस्फेटच्या पाण्यात बुडवून वाळवलेली. साधी पेटवली, ती तुझ्या बोटापर्यंत भसकन आली आणि तू ती अंगणात फेकलीस. दुसरीला काडी लावली. काडी होती तोवर ती काळी होत गेली, काडी बाजूला घेतली की थांबली. ज्योत नाही, काही नाही. तू ती नाकाशी धरलीस.

“मुतासारका वास येतो गो.”

“अमोनिया आहे तो. तापलं की तो उडून जातो आणि मागे ॲसिड राहतं. ते ॲसिड कापसातलं पाणी ओढून घेतं. मग कापसाचा कोळसा होतो.”

“म्हंजे जललाच ना?”

“नाही मामा. नीट ऐक. कपडा स्वतः जळत नाही. कपडा तापला की त्यातून वायू निघतो, तो पेटतो. ज्वाला असते ती त्या वायूची. इथे तो वायू तयारच होऊ दिला नाही, त्याच्या आधीच कोळसा करून टाकला. आणि हा काळा थर झाकणासारखा बसतो. आतल्या कपड्याला आच लागू देत नाही, हवा लागू देत नाही.”

तू पट्टी उलटी केलीस, सुलटी केलीस, बोटानं काळा भाग दाबलास. तो पापडासारखा मोडला. “काला झाला म्हंजे जलला,” तू म्हणालास. “मी काय लोकांना काला कपरा दाखवू?”

मी पोपटीचं उदाहरण दिलं. मडकं जाळात उलटं ठेवतो, तोंडाला भांबुर्ड्याचा पाला कोंबतो. उघडल्यावर बाहेरचा पाला कोळसा झालेला असतो, आतल्या वालाच्या शेंगा हिरव्यागार. पाला काळा झाला म्हणून शेंगा वाचल्या.

तू हसलास. “बरोबर हाय. पण पोरी, शेंगा आमी खातो. पाला फेकून देतो.”

ओटीवरची सगळी हसली, मीसुद्धा. तुझ्याशी वादात जिंकता यायचं नाही, कारण तू वाद घालतच नव्हतास, गंमत करत होतास. त्या दिवसापासून माझं शास्त्रज्ञपद गेलं आणि मी ‘केमिकल’ झाले. “केमिकल आली गो, चहा ठेव.”

पण तू कपडा आणलास. हे मी विसरले नाही, आणि म्हणूनच जास्त राग येतो. रविवारी आमचा हौद मोकळा असायचा. मॅनेजरला मी विचारलं होतं, तो म्हणाला, कर बाई, पण सोमवारच्या आत धुऊन ठेव. तू, मी आणि रुपेश, गुडघ्यापर्यंत कपडे खोचून अख्खं छत त्या पाण्यातून काढलं. तू त्याला ‘मीठ’ म्हणायचास. “मीठ मारला का नीट?” रसायनशास्त्रात तो क्षारच, म्हणून त्या शब्दावरून मी भांडले नाही. वाळल्यावर कपडा थोडा कडक झाला, किंचित पिवळट. पावसाळ्यात खाडीची हवा लागली की दमट व्हायचा, हाताला चिकटायचा. तू फोन करून सांगायचास, “केमिकल, तुझ्या कपऱ्यावर आता पापड लाटू काय?”

आणि मी तुला तेव्हाच सांगितलं होतं, एकदा नाही, दहादा सांगितलं होतं, हे पाण्यात विरघळतं. पाण्यातून आलंय, पाण्यात जाईल. पावसात भिजला किंवा धोब्याकडे गेला, की परत माझ्याकडे आणायचा. परत बुडवायचा. तू म्हणालास, “हा, हा, आणतो.”

आता हळदीवर येते.

दुसऱ्या कुठल्या गावात हे झालं नसतं. आपल्याकडे लग्नाला माणसं येतात ती जेवून जातात, हळदीला येतात ती नाचून जातात. आख्खा गाव पिवळा होतो. नवरीला लावून उरलेली हळद एकमेकांच्या तोंडाला, मग अंगावर, मग कोणीतरी मूठभर वर उडवतंच. प्रत्येक हळदीनंतर छताला पिवळे शिंतोडे. आणि एका घरच्या हळदीचा डाग दुसऱ्या घरच्या छतावर दिसला, तर तो मंडपवाल्याचा कमीपणा. नवरीची आई बोट दाखवून विचारणार, ‘यो कुनाचा उष्टा कपरा आनलास?’ या एका वाक्याला तू आगीपेक्षा जास्त घाबरायचास, मामा. मी खोटं बोलत असेन तर सांग.

म्हणून तू तुझा मधला मार्ग काढलास आणि मला अभिमानानं सांगितलास. डाग पडलेला, मीठ मारलेला कपडा धुवायचाच नाही, तो जेवणाच्या बाजूला लावायचा. “जेवताना कोण वर बघतो? समदे ताटात बघतात.” आणि स्टेजच्या बाजूला, जिथे नवरी बसते, दिवे असतात, वायरी असतात, स्पीकर असतात, तिथे धुतलेला, दुधासारखा. जिथे आग लागू शकते तिथे साधा कपडा, आणि जिथे पंगत बसते तिथे मीठ. मी डोक्याला हात लावला. तू म्हणालास, “अर्धा तर तुझा ऐकला ना?”

दामूशेठच्या धाकट्या पोरीच्या हळदीच्या दिवशी सकाळी ड्युटीला जाताना मी टेम्पो बघितला. वर पांढऱ्याशुभ्र गठड्या. मी रिक्षा थांबवली.

“मामा, हा धुतलेला?”

“धोब्याकरून कालच आलाय. बघ कसा हाय.”

“मीठ?”

“दामूशेठकडची हळद हाय गो. ड्रोन येनार हाय शूटिंगला, वरून. तुझा पिवला कपरा दिसंल ना त्यात.”

“मग आग लागली की ड्रोनलाच सांग विझवायला.”

तू एवढ्या मोठ्यानं हसलास की रिक्षावाला पण हसला. “केमिकल लय गरम झाली आज. संध्याकाळी ये, तुझ्यासाठी वडे बाजूला काढून ठेवतो.”

हे तुझं माझ्याशी शेवटचं बोलणं. मी त्याचं सोनं करून ठेवणार नाही. मला वडे नको होते, मला एक रविवार हवा होता.

दुपारी फोन आला तेव्हा मी लॅबमध्ये होते. पुढचं मला आईनं सांगितलं, कारण आई तिथेच होती. जेवणाच्या बाजूला बायका वडे थापत बसल्या होत्या, मामी, आई, आळीतल्या सगळ्या. स्टेजकडे हॅलोजन लावून बघत होते. एक दिवा झालरीला टेकलेला राहिला. आई म्हणते, आवाज आला, कोणीतरी चादर झटकावी तसा. तिनं मान वर केली तेव्हा स्टेजवरचं छत नव्हतंच, नुसता जाळ होता, आणि तो जेवणाच्या बाजूला सरकत होता.

पोरं पळाली, दामूशेठ पळाला, डीजेवाला पळाला. पळायलाच पाहिजे होतं, त्यांना मी दोष देत नाही. तू आत गेलास. तुझ्या गाठी तुला माहीत होत्या. सरकगाठ, एक टोक ओढलं की सुटते. तू एकेका खांबाला जाऊन गाठी ओढत गेलास, पेटलेलं छत खाली पाडत गेलास, म्हणजे ते पुढच्या कपड्याला जास्त वेळ चाटू नये. बायका पिठाचे हात घेऊन तशाच मागच्या अंगानं बाहेर पडल्या. एकीला चटकासुद्धा बसला नाही. शेवटची गाठ ओढलीस तेव्हा ते छत तुझ्यावरच आलं.

मी पोचले तोवर तुला नेलं होतं. दवाखान्यात काय झालं ते इथे लिहीत नाही, ते आपल्या घरातलं आहे. पण त्याआधी मी मंडपात गेले. स्टेजच्या बाजूला नुसते खांब, आकाश दिसत होतं. जेवणाच्या बाजूला छत होतं. टांगलेलं. जाळ जिथून आत शिरायला बघत होता तिथे हातभर कपडा काळा झाला होता, एका ठिकाणी भोक पडलं होतं, भोकाची कड काळी, आणि कडेच्या पुढे कपडा जसाच्या तसा. पिवळट, डागाळलेला, चिकट. मी स्टुलावर चढून त्या काळ्या कडेला बोट लावलं. ते पापडासारखं मोडलं.

एक म्हातारा माझ्याजवळ उभा होता. म्हणाला, “बघ पोरी, हा पन जलला.”

मी ओरडले त्याच्यावर. तू म्हणतोयस असंच वाटलं मला. हा जळला नाही, हा काळा झाला, म्हणून तुमच्या बायका घरी गेल्या. तो बिचारा घाबरून मागे सरला. मला त्याच्याशी भांडायचं नव्हतं, तुझ्याशी भांडायचं होतं, आणि तू नव्हतास.

तुला माझा अभिमान होता, मामा. विश्वास नव्हता. अभिमान फ्रेममध्ये बसतो, त्याच्यासाठी काही करावं लागत नाही. विश्वास ठेवला असतास तर दामूशेठला सांगावं लागलं असतं, कपडा पिवळटच मिळेल, पाहिजे तर घ्या, नाहीतर दुसरा बघा. एवढं एक वाक्य. आगीत शिरायची हिंमत होती तुझ्यात, हे वाक्य बोलायची नव्हती. आणि आता सगळे त्या हिंमतीचे फ्लेक्स लावतायत.

तेराव्याला काय झालं ते तुला सांगायला हवं. सकाळी मी आले तर अंगणात मंडप उभा होता. वर पांढराशुभ्र कपडा, एक सुरकुती नाही. मला क्षणभर कळलंच नाही काय बघतेय मी.

“रुपेश, हा कुठला?”

“धोब्याकडं राहिला होता ना एक लॉट. बाबाचंच तेरावं हाय, बाबाच्या कपऱ्याखालीच नको व्हायला?” पोरगा रडवेला झाला होता. “आनि पुढच्या आठवड्यात हाच टेंभुर्लीच्या हळदीला द्यायचाय. बाबानं शब्द दिलेला.”

आतल्या बाजूला आचारी. चार शेगड्या पेटलेल्या. कपडा त्यांच्या वर.

मी कात्री मागितली. झालरीची एक पट्टी कापली. दामूशेठ तेवढ्यात आला होता, पांढऱ्या कपड्यात, म्हणाला, “आज तरी तमाशा नको. पावने आलेत.” मी काडी ओढली. भसकन. तीच आग, तीच घाई. मी पट्टी जमिनीवर टाकून पायानं विझवली. पायाखाली नुसती राख, धरायला काही उरलं नाही. रुपेश माझ्याकडे बघत नव्हता, वर बघत होता.

तेव्हा मामी बाहेर आली. तेरा दिवस ती माझ्याशी नीट बोलली नव्हती. मी जास्त बोलते म्हणून तिलाही राग होताच. ती उंबऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, “उतरव तो.”

“आई, मग छताला काय लावू? पावने उन्हात बसतील.”

“जेवनाच्या बाजूचा हाय ना. तो लाव.”

“त्याला डाग हायेत आई. भोक पन हाय.”

“राहू दे डाग. मी त्याच्याच खाली बसलेली त्या दिवशी. मी जिती हाय.”

छत बदलायला वेळ लागला. पाहुणे उन्हात उभे राहिले, राहू देत. शिडीवर रुपेश चढला, दुसऱ्या शिडीवर मी चढले, साडी खोचून. गाठी मी मारल्या. तू शिकवलेलीच, सरकगाठ. हात विसरले नव्हते. आता माझ्या त्या मिठामुळे बायका वाचल्या की तुझ्या गाठींमुळे, हा वाद आपला राहिला. मी तुला अर्धं देते, तू मला अर्धं दे. पण ऐक, स्टेजच्या कपड्याला पण मीठ असतं, तर तुला गाठी ओढाव्याच लागल्या नसत्या. हे मी सोडणार नाही.

पंगत बसली. पहिल्यांदाच लोक जेवताना वर बघत होते. काळ्या भोकातून उन्हाचा एक तुकडा बरोबर मधल्या पंगतीत पडला होता. दामूशेठनं पिवळ्या डागाकडे बघितलं. सवयच ती. आणि शेजारच्याला विचारलं, “ही कुनाची हळद?”

मामी वाढत होती. थांबली नाही, मान वर केली नाही. “तुमच्या थोरल्या पोरीची,” म्हणाली, आणि पुढच्या ताटात भात वाढला.

दामूशेठ मग ताटातच बघत राहिला.

रुपेश हात धुताना माझ्याजवळ आला. म्हणाला, “ताई, रविवारी हौद मोकला असतो ना? टेंभुर्लीवाल्यांना सांगतो, कपरा पिवला मिलेल.” मी हो म्हटलं. एवढंच. तुझ्या मुलानं ते वाक्य बोलायचं ठरवलंय, मामा. तुला यायला हवं होतं ऐकायला.

मी जेवायला शेवटच्या पंगतीत बसले, भोकाच्या खाली. मामीनं न विचारता माझ्या ताटात वडे वाढले. बाजूला काढून ठेवले होते तिनं. मी खाल्ले. तुझा शब्द पाळला गेला, असं पाहिजे तर समज. पण राग गेलाय असं समजू नकोस. तो जसा आहे तसा ठेवणार आहे मी, डागासकट. तो मी धुवायला देणार नाही.